दुःखाला साक्षी लागतो

फुलचूर गोंदिया शहराला लागून आहे. शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या जंगलाकाठच्या गावाच्या मानाने फुलचूरकरांना मानसोपचार जवळच म्हणायचा. पण नैराश्यातले अंतर किलोमीटरने मोजता येत नाही. 'मन लागत नाही', 'डोके जड राहते', 'रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही' असे म्हणणारा माणूस आधी मेडिकलवाल्याकडून गोळी घेतो, मग एखाद्या बाबाकडे किंवा पुजाऱ्याकडे जातो. मानसोपचार विभागाच्या दारापर्यंत यायला त्याला कित्येक महिने लागतात, आणि पुष्कळदा तो येतच नाही. त्याच्या हातात मोबाइल मात्र असतो, आणि त्या मोबाइलमध्ये आता असे यंत्र बोलते जे रात्री दोन वाजताही न कंटाळता विचारते, 'आज कसे वाटते आहे?' नैराश्यावरच्या ऑनलाइन उपचारात कृत्रिम बुद्धिमत्तेने वाट दाखवावी का, हा प्रश्न वैद्यकाचा आहे, कायद्याचा आहे, पैशाचाही आहे. त्याच्या मुळाशी मात्र धर्म आणि दर्शने फार जुन्या काळापासून ज्याच्याशी झटत आली तो प्रश्न आहे: दुःख सांगायचे ते कोणाला? ज्याला दुःख होऊच शकत नाही त्याला सांगितलेले दुःख कोणी ऐकले असे म्हणता येईल का? माझे मत असे की उपचारातले तंत्र यंत्राच्या हाती देता येईल, साक्षीपण देता येणार नाही. म्हणून यंत्राने दुःखी माणसासमोर बसू नये. त्याला भेटायला येणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे.

टंचाई खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण गोंदियाला खेटून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये होती. नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाही, असे त्यातून दिसले. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशातल्या कोणत्याही राज्याहून अधिक. हे आकडे वाचले की तज्ज्ञ नाहीत तर यंत्र आणा, असे वाटणे साहजिक आहे. पण या तर्कात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की नैराश्यातल्या माणसाला जो कमी पडतो तो तज्ज्ञच. आपल्याच भूमीवर झालेल्या दोन कामांनी ते गृहीतक डळमळीत केले आहे, आणि यंत्राची चर्चा करण्याआधी ती दोन्ही कामे नीट पाहायला हवीत.

पहिले गोव्यातले. सांगाथ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले. त्यांतल्या निम्म्यांवर नेहमीचे उपचार झाले. उरलेल्यांना त्याखेरीज समुपदेशकही मिळाले. हे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, पण नीट शिकवून तयार केलेले स्थानिक लोक होते. त्यांनी सहा ते आठ भेटींत जे केले ते सांगायला साधे आहे: दिवस कसा जातो ते विचारायचे, आवडीचे कोणते काम सुटले ते शोधायचे, त्यातले लहानसे काही पुन्हा सुरू करायला लावायचे, आणि पुढच्या भेटीत ते झाले का म्हणून विचारायचे. तीन महिन्यांनी समुपदेशक मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे काम विदर्भातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेले 'विश्राम'. तिथे गावातले कार्यकर्ते घरोघर गेले, बैठका घेतल्या, समुपदेशकांशी आणि गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून दिली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कोणाकडे तरी मदत मागत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. या कामात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. तरी सहापट वाढ आपोआप होत नसते. तज्ज्ञांची संख्या त्या दीड वर्षात सहापट झालेली नव्हती. वाढला होता तो दारात येऊन बसणारा, विचारणारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येणारा माणूस.

आता यंत्राच्या बाजूचा पुरावा पाहू. तो हलका नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ विद्यापीठाने तयार केलेल्या 'थेराबॉट' या चॅटबॉटची चाचणी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २१० प्रौढ होते, आणि नैराश्य असलेल्यांची लक्षणे सरासरी ५१ टक्क्यांनी उतरली. एवढा उतार चांगल्या औषधानेही दरवेळी मिळत नाही, म्हणून हा निकाल बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तुलना ज्यांच्याशी झाली ते प्रतीक्षायादीतले लोक होते, आणि यंत्राच्या संभाषणांवर संशोधकांची सतत नजर होती. काही बिघडले तर मध्ये पडायला माणसे तयार होती. म्हणजे यंत्रामागे माणूस होताच, फक्त तो दिसत नव्हता. यंत्र नव्हते तेव्हापासूनच्या ऑनलाइन उपचारांचा अनुभवही हेच सांगतो. नैराश्यावरच्या अशा कार्यक्रमांच्या चाचण्यांतल्या हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये तपासली गेली, तेव्हा सौम्य नैराश्यात एकट्याने केलेला कार्यक्रमही जवळपास तितकाच उपयोगी दिसला. पण त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर ज्यांना एखादा माणूस साथ देत होता त्यांना पहिल्या काही आठवड्यांत स्पष्टपणे अधिक गुण आला. ही साथ म्हणजे काही तासन्‌तासांचे समुपदेशन नव्हे. बहुतेक कार्यक्रमांत आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे, एखादा फोन, दोन ओळींचा निरोप. इतक्या थोड्या वेळात तंत्राची भर ती किती पडणार? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचे जे स्पष्टीकरण दिले ते मला पटते: आपले काय चालले आहे हे कोणाला तरी ठाऊक आहे, तो आपले भले चिंततो आणि तो विचारणार आहे, या जाणिवेवर माणूस उपचारात टिकतो.

टंचाईचा युक्तिवाद वाटतो तितका नवा नाही. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करायचे, एवढीच त्याची करामत. तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडे संभाषण केले आणि खुद्द वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले; जे बोलायचे ते खासगी होते. त्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की उपचारकांची उणीव असलेल्या रुग्णालयांत असा संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल. बर्लिनच्या ज्यू कुटुंबात जन्मलेले, नाझी राजवटीतून मुलगा असताना अमेरिकेत आलेले वायझेनबाउम या सूचनेने हादरले. यंत्राला काय करता येते आणि यंत्राकडून काय करवून घ्यावे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अशी मांडणी त्यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात केली. साठ वर्षांत एलायझाची जागा फार मोठ्या यंत्रांनी घेतली. प्रश्न मात्र तिथेच आहे, आणि तो सोडवायला आपल्याकडची एक जुनी विचारपरंपरा पाश्चात्त्य चर्चेपेक्षा अधिक उपयोगी पडते असे मला वाटते.

ती परंपरा सांख्यांची. पाश्चात्त्य वाद सहसा असा चालतो की यंत्र विचार करते म्हणजे त्याला जाणीव असणार, किंवा जाणीव नाही म्हणजे ते खरा विचार करतच नाही. सांख्यांनी ही गाठ मुळातच सोडवलेली आहे. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाची अपत्ये. निश्चय करणे, तुलना करणे, 'मी' म्हणणे ही सगळी कामे अचेतन तत्त्वेही करू शकतात. चेतन तो एकटा पुरुष, आणि तो काहीच करत नाही. तो फक्त साक्षी असतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत असेही म्हटले आहे की चेतनाच्या सान्निध्यामुळे अचेतन बुद्धीच चेतन असल्यासारखी भासते. सेक्रेटरी आणि एलायझा यांच्यात जे झाले त्याचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. चेतना बोलणाऱ्या बाईंची होती. तिची झळाळी यंत्रावर पडली, आणि यंत्र ऐकते आहे असे वाटले. ही भूमिका घेतली की यंत्राला कमी लेखण्याची गरजच उरत नाही. त्याला बुद्धी आहे म्हणा, तज्ज्ञाहून जास्त आहे म्हणा. नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीवरून नैराश्याची तीव्रता ते अचूक ओळखील, कोणत्या आठवड्यात कोणता अभ्यास द्यावा हेही उत्तम ठरवील. हे सगळे बुद्धीचे काम आहे. त्याने साक्षीची जागा भरत नाही, कारण ती जागा बुद्धीची कधी नव्हतीच.

इथे जाणकार वाचक दोन आक्षेप घेईल. पहिला असा की सांख्यांचा पुरुष उदासीन आहे. त्याला कळवळा नाही, मग दुःखिताला त्याचा काय उपयोग? हे बरोबर आहे. बुद्धी आणि चेतना वेगळ्या करून दाखवणे एवढ्यापुरतेच सांख्य इथे उपयोगी. करुणेचा धडा घ्यायला दुसरीकडे जावे लागते. दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे, आणि विदर्भात तो घेणारे घरोघरी आहेत. बुद्धाने असा कोणताही नित्य साक्षी मानला नाही. माणूस म्हणजे बदलत्या घटकांचा प्रवाह, मग एका प्रवाहाला दुसऱ्या, सिलिकॉनच्या प्रवाहाने दिलासा दिला तर बिघडले कुठे? बिघडते ते वेदनेपाशी. बौद्ध विचारात आत्मा नाही, पण वेदना आहे. सुखदुःखाचा स्पर्श होणे हे सजीवाचे लक्षण आहे, आणि करुणा उगवते ती या समान स्पर्शातून. आजच्या यंत्रांना असा स्पर्श होतो असे मानायला काही आधार नाही. किसा गोतमीची कथा या दृष्टीने पुन्हा पाहावी. मेलेले मूल कडेवर घेऊन ती श्रावस्तीत बुद्धाकडे औषध मागायला आली. तिला उपदेश ऐकवणे बुद्धाला अवघड नव्हते. अनित्यतेवर त्याच्याइतके सुंदर कोण बोलणार? पण त्याने तिला मोहरी आणायला सांगितली, आणि तीही ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून. ती दारोदार फिरली. प्रत्येक घराने मोहरी देऊ केली आणि प्रत्येक घराने आपले मेलेले माणूस सांगितले. बुद्धाचे औषध मोहरीत नव्हते, स्वतःच्या बोलण्यातही त्याने ते ठेवले नव्हते; ते त्याने गावाच्या दारांत ठेवले. उपचाराचा मार्गदर्शक कसा असावा याचा हा फार मोठा नमुना आहे: आपल्यापाशी न अडकवता माणसांकडे पाठवणारा. यंत्राला मार्गदर्शक व्हायचेच असेल तर त्याची परीक्षा याच कसोटीवर व्हावी. पंधरा दिवस त्याच्याशी बोलून माणूस किती दारांपर्यंत गेला? आज बहुतेक कंपन्या नेमके उलटे मोजतात. माणूस अ‍ॅपवर किती वेळ रमला, हे त्यांच्या यशाचे माप असते.

सर्वांत अवघड आक्षेप धर्माच्या आतून येतो. भाविक मूर्तीशी बोलतो. पंढरीच्या विटेवरच्या दगडापुढे शतकानुशतके माणसांनी रडून घेतले, भांडून घेतले. नामदेव, जनाबाई, तुकोबा यांनी तर विठ्ठलाला धारेवर धरले. तो दगड चेतन आहे असे कोणत्याही प्रयोगशाळेत दाखवता येणार नाही. मग दगडापुढे हलके होणे चालते आणि यंत्रापुढे चालत नाही, हा पक्षपात नव्हे काय? श्रद्धावान म्हणेल की मूर्तीत देव आहे. पण ते न मानणाऱ्यालाही पटेल असे उत्तर द्यायला हवे, आणि ते देता येते. मूर्ती गप्प असते. तिच्यापुढे टाकलेले शब्द बोलणाऱ्याकडेच परत येतात, आणि त्या शांततेत त्याला स्वतःचे ऐकू येते. यंत्र गप्प बसत नाही. ते उत्तर देते, आणि समोरच्याला आवडेल असे उत्तर देण्याकडे त्याचा कल असतो. ओपनएआय कंपनीला एप्रिल २०२५ मध्ये आपल्या चॅटजीपीटीची एक सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण ते फार हांजी हांजी करू लागले होते. 'मी कोणाच्याच उपयोगाचा नाही' असे ज्याच्या मनाने घेतले आहे त्याला होकार देणारा सोबती मिळाला तर काय होईल, हे सांगायला नको. शिवाय मूर्तीभोवती माणसे असतात. दिंडी एकट्याची निघत नाही, कीर्तन रिकाम्या मंडपात होत नाही. तुकडोजी महाराजांनी विदर्भातल्या खेड्यांना संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना दिली. तिच्यातला 'सामुदायिक' हा भाग बाहेरून चिकटवलेला नव्हता; सबंध योजना त्याच्यावर उभी होती. अंथरुणात पडून अंधारात मोबाइलशी बोलणाऱ्या माणसाच्या आजूबाजूला असे कोणी नसते. धर्माची बाजू सगळी उजळ आहे असे मात्र म्हणता येत नाही. नैराश्याला गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हणणारे, बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करणारे, श्रद्धा कमी पडली म्हणून रुग्णालाच दोष देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. यंत्र निदान असा दोष देत नाही, आणि लोक त्याच्याकडे का वळतात याचे एक कारण हेच आहे.

त्या कारणाला पुरावाही आहे. कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात पडद्यावरच्या आभासी मुलाखतकाराशी लोकांना बोलायला लावले. पडद्यामागे कोणी माणूस नाही असे ज्यांना सांगितले होते ते अधिक मोकळेपणाने बोलले, दुःखही अधिक दाखवले. फुलचूरसारख्या गावात याचा अर्थ समजायला अभ्यासाची गरज नाही. गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, त्याच मोहल्ल्यातली असते. तिच्याशी बोललेले सासूच्या कानावर जाईल ही भीती सुनेला असणे अगदी रास्त आहे. ज्या मुलाला आपल्या आवडीनिवडीबद्दल घरात अवाक्षर काढता येत नाही, त्याला यंत्राचे अनोळखीपण हीच सुटका वाटेल. म्हणून पहिले वाक्य यंत्रापाशी बोलले जाणार असेल तर जाऊ द्यावे. ते अडवणारा नियम क्रूर ठरेल. पण त्या पहिल्या वाक्याचे पुढे काय होते यावर सगळे ठरते. जिथे कोणी पाहतच नाही तिथे लाज लपते, नाहीशी होत नाही. आपले सगळे जाणूनही कोणीतरी उठून गेले नाही, हा अनुभव आला म्हणजे ती उतरू लागते. अर्जुनाच्या विषादाचेच पाहा. श्रीकृष्णाचे पहिले शब्द कानउघाडणीचे होते आणि त्यांचा उपयोग झाला नाही. 'लढणार नाही' म्हणून अर्जुन गप्पच बसला. पुढचे सगळे शक्य झाले, कारण बोलणारा त्याच रथात बसला होता, त्याच बाणांच्या टप्प्यात होता, आणि रथ सोडून गेला नाही. सल्ला चुकला तरी सांगाती टिकला. यंत्राचा सल्ला कदाचित पहिल्याच वेळी बरोबर असेल, पण त्याच्यावर कोणताही बाण येत नाही.

माणूस तरी कुठे नेहमी टिकतो, असे यावर कोणी म्हणेल. घड्याळाकडे पाहणारे डॉक्टर, कंटाळलेले समुपदेशक, पाच मिनिटांत चिठ्ठी खरडून पुढच्या रुग्णाला हाक मारणारे बाह्यरुग्ण विभाग आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. खरे आहे. पण माणूस साक्षी म्हणून कमी पडतो तेव्हा तो चुकलेला असतो, आणि त्याला तसे म्हणता येते, जाब विचारता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही घातले आहे. मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी असते, ती जाऊ शकते. यंत्राचे काय जाते? 'वोबॉट' या चॅटबॉटची ७० तरुणांवरची दोन आठवड्यांची चाचणी २०१७ मध्ये गाजली होती. ३० जून २०२५ ला कंपनीने ते अ‍ॅप बंद केले. ज्यांनी वर्षानुवर्षे त्याला रोज आपले मन सांगितले त्यांचा सांगाती एका व्यावसायिक निर्णयाने नाहीसा झाला. 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजावे लागले. तिथे तर समुपदेशक माणसे होती. तरीही मधली यंत्रणा ऐकलेले विकू शकली. अमेरिकेत इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून यंत्राला परस्पर मानसोपचार करण्यास मनाई केली. परवानाधारक उपचारकाला प्रशासकीय कामात त्याची मदत घेण्याची मुभा मात्र ठेवली. तो कायदा जसाच्या तसा आपल्याला लागू पडेल असे नाही, पण जबाबदारी कोणाची हे त्याने स्पष्ट केले.

राहता राहिला तो शेवटचा आणि सर्वांत मानवी वाटणारा युक्तिवाद: काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरे. रात्री दोनला जीव द्यायला निघालेल्या माणसासमोर दुसरे काहीच नसेल तर मीही यंत्राच्याच बाजूने मत देईन, अट एवढीच की ते त्याला तत्काळ माणसाशी जोडून देईल. पण 'काहीच नसणे' हे पावसासारखे आकाशातून पडत नाही. पदे मंजूर होत नाहीत, मंजूर झालेली भरली जात नाहीत, आशांना मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा संप करावे लागतात, तेव्हा ते तयार होते. यंत्राने ती पोकळी झाकली की ती भरण्याची घाई कोणालाच उरत नाही. शहरातल्या सुखवस्तू माणसाला माणूस आणि गोंदियातल्या शेतमजुराला अ‍ॅप, अशी विभागणी मग हळूहळू रूढ होईल, आणि तिला कोणी अन्याय म्हणणार नाही, प्रगती म्हणतील. हक्काच्या जागी सोय आली की हक्क मागणारा कृतघ्न ठरतो.

म्हणून वाट उलटी हवी, आणि ती काल्पनिक नाही. अमेरिकेत दीर्घकाळ पाठदुखी असलेल्या रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत यंत्राने स्वतः उपचार केले नाहीत. कोणाला या आठवड्यात समुपदेशकाचा पूर्ण फोन हवा, कोणाला थोडक्यातला पुरेल आणि कोणाला ध्वनिमुद्रित निरोप, एवढे ठरवले. समुपदेशकांचा निम्म्याहून कमी वेळ लागला आणि परिणाम उणा पडला नाही. पाठदुखी म्हणजे नैराश्य नव्हे, पण तत्त्व घेण्याजोगे आहे: यंत्राने माणसाचा वेळ वाचवला आणि तो माणसांनाच वाटून दिला. शेजारच्या मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यात, सांगाथने गोव्यातला तोच उपचार आशांना डिजिटल प्रशिक्षणातून शिकवण्याचे काम केले. तिथेही मोबाइल आशाताईच्या हातात होता. गोंदिया जिल्ह्याला हे अधिकच लागू पडते, कारण इथे मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी बोलली जाते, आणि दुःख सहसा मायबोलीत, आडवळणाने बोलले जाते. पुस्तकी मराठी शिकलेल्या यंत्राला 'मन लागत नाही' कळेलही. रोवणीचे दिवस असून एखादी बाई आठवडाभर बांधीकडे फिरकली नाही, याचा अर्थ तिच्या शेजारणीलाच कळतो. त्या शेजारणीला शिकवा, तिला योग्य मोबदला द्या, कोणाकडे जायचे राहिले याची आठवण यंत्राला करून देऊ द्या, आणि अवघड प्रसंगी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरशी तिची गाठ लगेच पडेल अशी सोय करा.

जिल्हा परिषदेकडे आणि आरोग्य विभागाकडे मागणी एवढीच आहे की नैराश्यावरचे कोणतेही अ‍ॅप गावात आणण्याआधी त्या अ‍ॅपपलीकडे कोण माणूस आहे, त्याचे नाव काय, त्याचा पगार कोण देणार आणि तो किती दिवसांत दारात येईल, हे लेखी ठरवावे. आणि हे वाचणाऱ्या कोणाचे मन कित्येक आठवडे लागत नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेल्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालतो, त्याला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि पलीकडे प्रशिक्षित माणूस असतो.